पत्त्यापासून टाचणीपर्यंत

पत्ता ही वस्तु आपल्या इतक्या रोजच्या परिचयाची आहे कीं, तिलाहि कांहीं इतिहास असेल अशी शंका सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पाकिटावर चार ओळी लिहाव्या आणि तें पेटींत टाकावें, एवढाच आपला तिच्याशीं संबंध. अलीकडे तर त्या चार ओळींचाहि कंटाळा येऊं लागला आहे. हातांतील मोबाइलवर नकाशाच्या ॲपमध्यें पत्ता लिहिला, कीं क्षणार्धांत नकाशा सरकतो आणि एका विवक्षित जागीं तांबडी टाचणी येऊन उभी राहते. भाड्याच्या मोटारीचा चालक, जेवण पोंचविणारा मुलगा, रुग्णवाहिका, सर्व त्या टाचणीकडे धांव घेतात. टाचणी बरोबर पडली तर तिचें कोणी कौतुक करीत नाहीं. ती दोन गल्ल्या पलीकडे पडली म्हणजे मात्र ‘देवळावरून उजवीकडे वळा’ हा जुनाच पाठ फोनवर सुरू होतो. शब्दांत लिहिलेल्या पत्त्याचें नकाशावरील बिंदूंत रूपांतर कसें होतें, तें कोठें साधतें, कोठें फसतें, आणि ह्या साधण्या-फसण्याचीं कारणें इतिहासांत किती मागें जातात, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आम्हीं योजिला आहे.

‘कोठें?’ ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याच्या मुख्य रीति दोन. एक, तें ठिकाण दुसऱ्या एखाद्या ठाऊक असलेल्या ठिकाणाच्या संबंधानें सांगणें. आणि दुसरी, एखादा स्थिर आरंभ कल्पून तेथपासून मापानें सांगणें. आपल्याकडे पहिली रीति फार जुनी आहे. दक्षिणेंतील ताम्रपटांत दान दिलेल्या भूमीचे आघाट, म्हणजे चारी दिशांच्या सीमा, नमूद केलेले आढळतात. आणि आजच्या खरेदीखतांतहि पूर्वेस कोणाचें घर, दक्षिणेस कोणता रस्ता अशी चतुःसीमा लिहिल्यावांचून दस्तऐवज पुरा होत नाहीं. ही पद्धति अडाणीपणाची समजण्याचें कारण नाहीं. तिच्या पोटीं एक गृहीत मात्र असतें, तें हें कीं, वाचणारा त्याच मुलखांतला आहे. शेजारी कोण, ओढा कोणता, वड कोणता, हें ज्याला आधींच ठाऊक आहे, त्यालाच चतुःसीमेचा उपयोग. परक्याला ती कोडें घातल्यासारखीच वाटावयाची.

मराठी पत्त्याचा जो सर्वपरिचित सांचा, ‘मु. पो. ता. जि.’, त्यांत ह्या दोन्ही रीतींचा मोठा शहाणपणाचा मेळ घातलेला आहे. वडगांव आणि पिंपळगांव ह्या नांवांचीं गांवें महाराष्ट्रांत इतकीं आहेत कीं, नुसत्या मुक्कामावर पत्र सोडलें तर तें फिरतच राहावयाचें. म्हणून मुक्कामाला पोस्टाचा, पोस्टाला तालुक्याचा आणि तालुक्याला जिल्ह्याचा टेंका दिलेला असतो. जिल्ह्यापासून पोस्टापर्यंत पत्र सरकारच्या ज्ञानानें येतें. पोस्टापासून उंबऱ्यापर्यंत तें पोस्टमनच्या ओळखीनें जातें. ‘जोशांच्या वाड्यांत, मागील दारीं’ एवढ्यावर पत्र बिनचूक पोंचतें, ह्याचें श्रेय पत्त्याला नसून तो वाचणाऱ्या मनुष्याला आहे. पत्त्याचा अर्धा भाग कागदावर आणि अर्धा पोस्टमनच्या डोक्यांत, अशी ही वांटणी होती. यंत्राला पत्ता वाचावयास दिला कीं, दुसरा अर्धा भाग नाहींसा होतो. आजच्या सर्व अडचणींचें मूळ येथें आहे.

पाश्चात्य देशांत हा दुसरा अर्धा भागहि कागदावर आणण्याचा उद्योग अठराव्या शतकापासून चालला. त्याचा आरंभ लोकांच्या सोयीसाठीं झाला, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी लागेल. ऑस्ट्रियाच्या राज्यांत मारिया थेरेझा राणीनें १७७० सालीं घरांना क्रमांक देण्याचा हुकूम काढला, तो पत्रें लवकर पोंचावींत म्हणून नव्हे. सैन्यांत घेण्याजोगे पुरुष आणि ओझ्याचीं जनावरें कोठें किती आहेत, ह्याची शिरगणति सरकारला हवी होती. अधिकारी गांवोगांव फिरले आणि घरें मोजीत दारांवर आंकडे लिहीत गेले. त्या आंकड्यांचा रस्त्याशीं कांहीं संबंध नव्हता. साऱ्या गांवाची मिळून एकच मालिका. पुढें दोन घरांच्या मध्यें नवें घर उठलें, कीं त्याला मालिकेंतील पुढचा शिल्लक आंकडा मिळे. आणि मग ७ च्या शेजारीं ३१२ असा प्रकार होऊं लागे. लोकांनाहि ह्या आंकड्यांचा हेतु कळत होता. दारावरचा आंकडा म्हणजे आज ना उद्यां मुलाला शिपाईगिरीवर नेणारें बोलावणें. म्हणून कित्येक ठिकाणीं ते आंकडे खरडून वा पुसून टाकण्यांत आले. ज्याचें घर सांपडतें तो मनुष्य सांपडतो, हें त्या शेतकऱ्यांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

रस्त्याच्या क्रमानें आंकडे देण्याची युक्ति नंतर रूढ झाली. लंडनमध्यें १७६५ च्या कायद्यानंतर दुकानांच्या लोंबत्या पाट्यांची जागा हळुहळू क्रमांक घेऊं लागले. पॅरिस शहरांत नेपोलियनच्या राजवटींत १८०५ सालीं जो नियम झाला, त्यांतील व्यवस्थितपणा पाहून कौतुक वाटतें. सीन नदीला आडवे जाणारे जे रस्ते, त्यांचे क्रमांक नदीपासून सुरू व्हावयाचे. नदीला समांतर जाणाऱ्या रस्त्यांचे क्रमांक प्रवाहाच्या दिशेनें वाढत जावयाचे. उजव्या हातास सम आंकडे, डाव्या हातास विषम. एवढें एक सूत्र लक्षांत ठेवलें कीं, त्या शहरांत पूर्वीं पाऊलहि न टाकलेल्या मनुष्याला नदी कोणीकडे आहे तें घराच्या आंकड्यांवरून ओळखतां येतें. अमेरिकेंत तर ह्या विचारानें टोंक गांठलें. शिकागो शहरांत १९०९ साली घरांचे जुने क्रमांक रद्द करून, स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जेथें मिळतात त्या चौकापासून नवे क्रमांक देण्यांत आले. एका मैलास ८०० आंकडे हें प्रमाण. तेव्हां उत्तरेकडील ३२०० हा आंकडा वाचतांच तें घर मॅडिसन रस्त्यापासून चार मैलांवर असलें पाहिजे, हें गणित लहान मुलालाहि करतां येई. येथें पत्त्याचें स्वरूपच पालटलें. तो ओळखीची खूण राहिला नाहीं; तो माप झाला.

मधल्या काळांत टपालानें ह्या आंकड्यांना लोकमान्यता मिळवून दिली होती. १८४० सालीं रोलंड हिल ह्यांच्या योजनेनुसार इंग्लंडांत एक पेनीचें टपाल सुरू झालें, आणि पत्र लिहिणें हें सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आलें. पत्रें वाढलीं, तशी पत्ता नीट असण्याची निकड वाढली. १८५५ च्या कायद्यानें लंडनच्या रस्त्यांचीं नांवें व घरांचे क्रमांक ह्यांवर एका मंडळाची देखरेख आली, आणि त्या पाठोपाठ शहराचे टपालविभाग पाडण्यांत आले. कर आणि फौजभरती ह्यांकरितां जो आंकडा दारावर आला होता, तो आतां लेकीचें पत्र आईच्या हातीं देऊं लागला. एकाच साधनाचीं हीं दोन रूपें पुढील विवेचनांत आपणांस पुन्हां भेटावयाचीं आहेत.

पत्त्याचें बिंदूंत रूपांतर करण्याचें इतिहासप्रसिद्ध उदाहरण ह्याच लंडनमधील आहे, आणि तें यंत्रानें नव्हे, एका डॉक्टरानें हातानें केलेलें आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागांत पटकीची भयंकर सांथ उद्भवली. दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. पटकी दूषित हवेनें होते, असें त्या वेळचे बहुतेक वैद्य समजत. जॉन स्नो ह्यांचें मत, ती पाण्यांतून पसरते. त्यांनीं मृत्यूंच्या सरकारी नोंदींतून मृतांचे पत्ते मिळविले, घरोघर चौकशी केली, आणि पुढें नकाशावर ज्या ज्या घरीं मृत्यु झाला त्या त्या घरापाशीं एकेक काळी रेघ काढली. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोंवतीं झालेली स्पष्ट दिसत होती. ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यांत आला. त्यापूर्वींच सांथ ओसरूं लागली होती हें खरें. तथापि पत्त्यांची यादी वाचून जें कोणाला कळलें नसतें, तें पत्ते नकाशावर मांडतांच डोळ्यांना दिसलें, हें त्या रेघांचें महत्त्व.

परंतु ह्याच कथेंत एक उपकथा आहे, ती आम्हांस मुख्य कथेइतकीच बोधप्रद वाटते. सोहोपासून दूर हॅम्पस्टेड येथें राहणारी एक विधवा बाई ह्याच सांथींत मरण पावली. तिचा पत्ता नकाशावर मांडला तर ती रेघ पंपापासून कित्येक मैल दूर पडते, आणि स्नो ह्यांच्या सिद्धांतालाच बाध आणते. चौकशीअंतीं असें निघालें कीं, ती पूर्वीं ब्रॉड स्ट्रीटजवळ राहत असे, तेथील पाण्याची चव तिला आवडे, आणि तिचे मुलगे तें पाणी रोज तिच्याकडे पाठवीत. नकाशानें बाई कोठें राहते तें बरोबर सांगितलें. ती कोठलें पाणी पिते, तें सांगण्यास मनुष्यच लागला. बिंदु खरा असूनहि अर्थ चुकूं शकतो, हा धडा त्या वेळेपासून आपल्यापुढें आहे.

आतां यंत्राकडे वळूं. अमेरिकेच्या जनगणना खात्यापुढें १९७० च्या गणनेच्या वेळीं नवा प्रश्न होता. मोठ्या शहरांतून छापील तक्ते टपालानें पाठवून ते परत मागवावयाचे, आणि प्रत्येक तक्ता कोणत्या विभागांत मोडतो हें गणकयंत्राकडून ठरवावयाचें. ह्यासाठीं १९६७ च्या सुमारास न्यू हेवन शहरांत प्रयोग झाले, आणि त्यांतून ‘डाइम’ नांवाची नकाशा लिहून ठेवण्याची पद्धति निघाली. तिचें तत्त्व साधें आहे. शहरांतील प्रत्येक रस्ता दोन चौकांमधल्या तुकड्यांत मोडावयाचा. प्रत्येक तुकड्याचें नांव, त्याच्या दोन टोंकांचीं स्थानें, आणि त्याच्या डाव्या व उजव्या बाजूंस कोणत्या आंकड्यापासून कोणत्या आंकड्यापर्यंत घरें आहेत, एवढें लिहून ठेवावयाचें. मग पत्ता आला कीं, यंत्र प्रथम रस्त्याचें नांव जुळवितें. नंतर आंकडा कोणत्या तुकड्यांत बसतो तें पाहतें. आणि शेवटीं आपण शाळेंत शिकलों तें त्रैराशिक मांडतें. तुकड्याच्या सम बाजूस १०० पासून २०० पर्यंत घरें असतील, तर १५० क्रमांकाचें घर बरोबर मध्यावर. सम आंकडा म्हणून उजवी बाजू. तेथें टाचणी टोंचावी. त्या घराकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलेलें नसतें! पुढें १९९० च्या गणनेसाठीं ‘टायगर’ नांवाचा सबंध देशाचा नकाशा ह्याच तत्त्वावर सिद्ध झाला. सरकारनें तो सर्वांस खुला ठेवल्यामुळें पुष्कळ खाजगी नकाशांचा पाया त्यावर घातला गेला.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, ह्या त्रैराशिकाची भिस्त एका गोष्टीवर आहे: घरांचे आंकडे रस्त्याच्या ओघानें वाढत गेलेले असले पाहिजेत. म्हणजे पॅरिसचें काम १८०५ सालीं आणि शिकागोचें १९०९ सालीं झालेलें होतें, म्हणूनच गणकयंत्राला तें पुढें नेतां आलें. यंत्राच्या बुद्धीचें जें कौतुक होतें, त्यांतला मोठा वांटा शंभर-दोनशें वर्षांपूर्वींच्या पाट्या रंगविणाऱ्यांचा आहे. जेथें तें काम झालें नाहीं, किंवा निराळ्या हेतूनें निराळ्या रीतीनें झालें, तेथें त्रैराशिकाला धरावयास कांहींच उरत नाहीं. जपानांत बहुतेक रस्त्यांना नांवेंच नसतात. रस्त्यांनीं वेढलेल्या भूभागाला क्रमांक असतो, आणि त्या भूभागांतील इमारतींना पुढचा क्रमांक. तेथेंहि जुने आंकडे घोंटाळ्याचे झाल्यामुळें १९६२ सालीं कायदा करून नवी आंखणी हातीं घ्यावी लागली.

आपल्याकडे काय झालें? मोजणीच्या बाबतींत हिंदुस्थान मागासलेला होता, असें म्हणतां येणार नाहीं. १८०२ सालीं लॅम्बटन ह्यांनीं मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली, आणि तेथून जी महान् त्रिकोणमितीय पाहणी निघाली, तिनें हिमालयापर्यंत सारा देश त्रिकोणांच्या जाळ्यांत गुंफला. इकडे मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून शेतजमिनीची जी मोजणी सुरू केली, तिच्यांतून प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. मुंबई शहराचीहि लॉटन ह्यांनीं केलेली तपशीलवार मोजणी १८७२ सालीं पुरी झाली. परंतु ह्या सर्व मोजण्यांचें लक्ष्य जमीन, आणि जमिनीवरील सारा हें होतें. म्हणून आपल्या दारावर जो आंकडा आला, तो पुष्कळदा रस्त्याचा नसून जमिनीच्या तुकड्याचा आहे. पुण्याच्या जुन्या पेठांतून ‘अमुक क्रमांक, सदाशिव पेठ’ असा पत्ता असतो. त्यांत पेठ सांगितली, रस्ता सांगितलाच नाहीं. हा क्रमांक पेठेंतील जागेचा. त्याच्या शेजारीं पुढचाच आंकडा असेल अशी खात्री नाहीं, आणि भावाभावांच्या वांटण्या झाल्या कीं त्याच आंकड्याला ‘अ’, ‘ब’ अशीं शेंपटें फुटतात. मारिया थेरेझाच्या गांवांतील मालिकेचीच ही चुलत बहीण होय. अशा ठिकाणीं ॲपनें पेठेच्या मध्यभागीं टाचणी टोंचून हात झटकले, तर त्याला तरी काय दोष द्यावा?

नांवांचा प्रश्न ह्याहून बिकट. रस्त्याचें नांव जुळविणें ही पहिली पायरी; आणि आपल्याकडे एकाच रस्त्याला सरकारी पाटीवर एक व लोकांच्या तोंडीं दुसरें नांव असतें. मुंबईंत डॉ. भडकमकर मार्ग म्हटलें तर पुष्कळांना क्षणभर थांबावें लागतें. लॅमिंग्टन रोड म्हणतांच वाट सुचते. तेंच इंग्रजी लिपींत लिहावयाचें झालें, म्हणजे एका गिरगांवाचीं चार स्पेलिंगें होतात. ही अडचण टपालखात्याला फार पूर्वींच जाणवली होती. गांवांचीं नांवें सारखीं, भाषा अनेक, लिप्या अनेक, हस्ताक्षरें तर विचारूंच नयेत. ह्यावर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आंकड्यांचा पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांतील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित पंडित व कवि. पहिला आंकडा देशाच्या विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवें, मध्य प्रदेश व आतांचें छत्तीसगड. पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा. मुंबईला ४००, पुण्याला ४११, गोव्याला ४०३. उरलेले तीन वांटप करणाऱ्या पोस्टाचे. भाषाप्रभूनें भाषेची अडचण आंकड्यांनीं सोडवावी, ह्यांत एक मौज आहे. परंतु वेलणकरांनीं केलें तें किती मोजकें होतें, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यांचा आंकडा पत्राला पोस्टाच्या दारापर्यंत आणून सोडतो; पुढचें काम त्यांनीं पोस्टमनकडेच ठेवलें. त्यांच्या ‘पिन’चा आणि नकाशावरच्या टाचणीचा नांवापुरताच संबंध, मधल्या अंतरांत पोस्टमन उभा आहे.

तें अंतर भरून काढण्याचें सामर्थ्य आकाशांतून आलें. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें लष्करासाठीं उभारलेली उपग्रहांची स्थाननिर्देशक योजना १९९५ सालीं पूर्णत्वास आली. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली, आणि आपण पृथ्वीवर कोठें आहों हें हातांतल्या यंत्राला कांहीं मीटरांच्या फरकानें सांगतां येऊं लागलें. फेब्रुवारी २००५ मध्यें गूगलचा नकाशा निघाला. त्यावरील थेंबाच्या आकाराची टाचणी येन्स रासमुसेन ह्या डॅनिश अभियंत्यानें आंखलेली. डोकें वर आणि टोंक खालीं, म्हणजे दाखवावयाची जागा झांकली जात नाहीं. ती टाचणी आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत आहे. हिंदुस्थान सरकारनेंहि फेब्रुवारी २०२१ मध्यें नकाशे करण्यावरील पुष्कळ निर्बंध उठविले. तेव्हांपूर्वींच आपल्या लोकांनीं एक सोपी वाट काढली होती: पत्ता लिहून यंत्राला कोडें घालण्याऐवजीं आपण जेथें उभे आहों तेथली टाचणीच पाहुण्याला पाठवून द्यावयाची. पत्त्यावरून जागा शोधण्याऐवजीं जागाच आपला पत्ता सांगूं लागली.

येथवर सर्व ठीक. परंतु टाचणीचा एक दोष आहे, आणि तो तिच्या गुणांतूनच निघतो. तिचें टोंक नेहमीं सारखेंच बारीक असतें. पत्त्याचें उत्तर देणारीं गणकयंत्रें आंतल्या आंत आपल्या खात्रीची प्रतवारी ठेवीत असतात: हें उत्तर घराच्या छपराचें, हें त्रैराशिकानें काढलेलें, हें नुसत्या गल्लीच्या मध्याचें, आणि हें केवळ अदमासाचें. परंतु वापरणाऱ्यापुढें हा भेद बहुधा येत नाहीं. चारी प्रकारांना तीच तांबडी टाचणी; आणि तिच्या मागें अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढें सहा स्थळांपर्यंत लिहिलेले, म्हणजे वीतभराहूनहि कमी जागेचा दावा. वाटेंतला वाटाड्या ‘बहुतेक त्या अंगाला असावें, पुढें विचारा’ असें म्हणतो, तेव्हां तो आपलें अज्ञानहि आपल्याला सांगत असतो. टाचणीला ‘बहुतेक’ म्हणतां येत नाहीं.

ह्या खोट्या ठामपणाचीं फळें कधीं हास्यास्पद, कधीं दुःखद होतात. ज्या पत्त्याचा कांहींच थांग लागला नाहीं, त्याला कांहीं यंत्रें शून्य अक्षांश व शून्य रेखांश देऊन मोकळीं होतात. तो बिंदु आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातांत आहे, आणि नकाशे करणाऱ्यांनीं थट्टेनें तेथें ‘शून्य बेट’ वसविलें आहे. हें झालें हंसण्यावारीं. परंतु अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत एका शेतावर राहणाऱ्यांची जी दैना झाली, ती हंसण्याची गोष्ट नव्हे. इंटरनेटवरील यंत्रांचें ठिकाण सांगणाऱ्या एका यादींत, ज्यांचें ठिकाण केवळ ‘अमेरिकेंत कोठें तरी’ एवढेंच ठाऊक होतें, त्या सर्वांना देशाच्या मध्याजवळचा एक सोईस्कर बिंदु देऊन ठेवलेला होता. तो बिंदु नेमका त्या शेतावर पडला. वर्षानुवर्षें पोलीस, सरकारी अधिकारी आणि फसवले गेलेले लोक चोर शोधीत त्याच दाराशीं येत राहिले. कारण बाहेर आलें तें २०१६ सालीं. ‘आम्हांस ठाऊक नाहीं’ असें लिहिण्याऐवजीं एक टाचणी टोंचली, एवढाच काय तो अपराध!

अलीकडे आपल्या टपालखात्यानें ह्या दिशेनें आणखी एक पाऊल टाकलें आहे. आय. आय. टी. हैदराबाद व राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र ह्यांच्या साह्यानें सिद्ध केलेली ‘डिजिपिन’ ही पद्धति २०२५ सालीं जाहीर झाली. देश ज्यांत मावतो असा ३६ अंश लांबरुंद चौरस कल्पून त्याचे चार बाय चार असे सोळा भाग करावयाचे, प्रत्येकाला एक चिन्ह द्यावयाचें, पुन्हां त्या भागाचे सोळा, असें दहा वेळां केलें म्हणजे सुमारें चार मीटरांचा चौकोन उरतो. त्याचें नांव दहा चिन्हांचें. ही योजना आम्हांस स्वागतार्ह वाटते. हिच्यांत रस्ता नको, नांव नको, सर्व्हे नंबरहि नको. डोंगरावरील धनगरवाड्याला आणि शहरांतल्या झोंपडीला, जिला कोणत्याच पाटीवर क्रमांक मिळाला नाहीं, तिलाहि राजवाड्याच्या तोलाचें दहा चिन्हांचें स्थान मिळतें. ज्याला पत्ता नाहीं त्याला शिधापत्रिका, बँकेचें खातें आणि वेळेवर रुग्णवाहिका मिळविण्यांत किती अडचणी येतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ह्या समतेची किंमत सांगावयास नको.

तथापि तिच्याकडून काय होणार नाहीं, तेंहि सांगितलें पाहिजे. चौकोनाला लांबी-रुंदी आहे, उंची नाहीं. गिरगांवांतल्या तीन मजली चाळींत एकावर एक राहणाऱ्या तीन बिऱ्हाडांचा चौकोन एकच. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची. त्यांच्या डब्यावरील खुणेंत इमारतीबरोबर मजलाहि दर्शविलेला असतो, ही गोष्ट आकाशांतून पाहणाऱ्यांनीं विसरूं नये. शिवाय दहा चिन्हांतलें एक चुकलें, तर तें चुकल्याचें वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाहीं. ‘मु. पो. ता. जि.’ ह्यांतील तालुका चुकला तरी जिल्हा आणि पोस्ट त्याला सांवरून घेतात. जुन्या पत्त्याची पुनरुक्ति ही त्याची दुर्बलता नसून त्याची भक्कम पाठराखण होती.

ह्या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो. पत्ता आणि टाचणी ह्या एकाच वस्तूच्या जुन्या-नव्या आवृत्त्या नव्हेत. पत्ता माणसें एकमेकांना सांगतात. टाचणी पृथ्वीला मापते. पहिला चुकला तर विचारतां येतो. दुसरी चुकली तर तिला विचारतां येत नाहीं. म्हणून एकीनें दुसऱ्याला हद्दपार करण्याऐवजीं दोघांनीं एकमेकांस सांवरावें, हें श्रेयस्कर. त्यासाठीं फार मोठ्या शोधाची गरज नाहीं. नगरपालिकांनीं रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे क्रमांक ओघानें लावावे. जुनीं नांवें नव्यांच्या शेजारीं नकाशांत टिकवावींत. ॲप करणाऱ्यांनीं जेथें खात्री नाहीं तेथें टोंकदार टाचणीऐवजीं रुंद वर्तुळ काढून आपलें अज्ञान प्रांजळपणें दाखवावें. आणि आपण टाचणी पाठवितांना तिच्याखालीं ‘मारुतीच्या देवळाशेजारीं, दुसरा मजला’ ही ओळ लिहिण्याचा आळस करूं नये.

आणि एक गोष्ट ऑस्ट्रियांतील त्या शेतकऱ्यांकडून शिकण्यासारखी आहे. सांपडणें ही सोय आहे, तशीच ती सत्ताहि आहे; आपण कोणास केव्हां सांपडावें हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याच्यापाशीं राहिला पाहिजे. त्यांच्या दारावरचा आंकडा निदान त्यांना दिसत तरी होता, आणि दिसत होता म्हणूनच खरडतां आला. आपल्या नांवाची टाचणी कोणकोणाच्या नकाशावर टोंचलेली आहे, हें आपणांस दिसत नाहीं. ती दिसावी अशी मागणी करणें, हें आजच्या सुशिक्षित गृहस्थाचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.